वार पिवळ्या पिशवीत टाकण्याआधी

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

ऑक्टोबर आला की सातारा-सांगलीकडच्या वर्तमानपत्रांत स्तनाच्या कर्करोगावर लेख येतात, तालुक्याच्या गावी शिबिरं भरतात, चाळिशीपुढच्या बायकांना मॅमोग्राफी करून घ्या म्हणून सांगितलं जातं. हे सगळं हवंच. पण या धामधुमीत पोटुशी बाई कुठेच दिसत नाही. जगभरच्या नोंदी पाहिल्या तर साधारण ३,००० गरोदरपणांत एकीला हा आजार निघतो. म्हणजे ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टरला उभ्या नोकरीत अशी बाई एखाद-दुसरीच भेटायची. नेमकी त्या दिवशी काय करायचं, हे कुणाच्या हाताला सवयीचं नसतं, म्हणून हे पत्र. आम्ही पॅथॉलॉजी आणि प्रसूती या दोन विभागांत काम करणारी माणसं आहोत. मुख्यतः वारेबद्दल, म्हणजे प्लॅसेंटाबद्दल लिहायचं आहे, पण त्याआधी गाठीचं बोलावं लागेल. कारण निदानच उशिरा झालं तर वारेपर्यंत जाण्याची वेळ येते.

दिवस गेल्यावर स्तन जड होतात, दुधाच्या ग्रंथी फुगतात आणि सुपारीएवढी गाठ त्यात सहज दडते. हाताला लागली तरी घरात उत्तर तयार असतं: दूध साकळलंय, शेक द्या, कोबीचं पान बांधा. हे उत्तर बहुतेक वेळा बरोबरही ठरतं. गरोदरपणातल्या दहा गाठींपैकी आठेक साध्या असतात, म्हणजे फायब्रोॲडेनोमा, दुधाची गाठ नाहीतर पू. त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. मुदत मात्र घालून घ्यायची. दोन आठवड्यांत गाठ गेली नाही तर सोनोग्राफी. बाळंतपण होऊ दे, मग बघू, असं म्हणायचं नाही. बाळंतपणानंतर अंगावरच्या दुधाचे महिने सुरू होतात आणि हे ‘मग’ आणखी वर्षभर लांबतं.

आणखी तीन खुणा लक्षात ठेवाव्यात. बाळ एकाच बाजूला तोंड लावत नाही, दुसरीकडे मात्र नीट पितं. एकाच बोंडातून, एकाच छिद्रातून रक्ताळलेलं पाणी येत राहतं. आणि स्तन लाल, गरम, सुजलेला असतो, अँटिबायोटिकचा पूर्ण कोर्स झाला तरी उतरत नाही. यातली तिसरी खूण सगळ्यांत फसवी. पू म्हणून चिरा दिला जातो, पू निघतोही, आणि सगळे निर्धास्त होतात. अशा वेळी पोकळीच्या भिंतीचा एक तुकडा आणि शंका असेल तर वरच्या कातडीचाही तुकडा तपासणीला पाठवायचा. पू काढतानाच हे काम दोन मिनिटांत होतं. नंतर त्यासाठी पुन्हा टेबलावर घ्यावं लागतं.

सोनोग्राफीत गाठ संशयास्पद दिसली तर तुकडा काढायचा. आपल्याकडे अजूनही आधी बारीक सुईची तपासणी, एफएनएसी, करायची सवय आहे. गरोदरपणात ती दोन्ही बाजूंनी फसवते. या दिवसांत ग्रंथींच्या पेशी मुळातच मोठ्या, गडद केंद्रकाच्या दिसतात. त्या पाहून एखादा कर्करोग म्हणेल, तर दुसरा खऱ्या कर्करोगाला गरोदरपणाचा बदल समजून सोडून देईल. म्हणून जाड सुईने ट्रूकट बायोप्सी करावी, जागेवरची भूल देऊन, बहुधा १४ गेजच्या सुईने. अर्जावर ‘गरोदर, २४ आठवडे’ असं जे असेल ते ठळक लिहावं. ही एक ओळ नसेल तर काचेकडे पाहणाऱ्याच्या हातून चूक होते. तुकडा तासाभराच्या आत फॉर्मलिनमध्ये जावा आणि त्यात ६ ते ७२ तास राहावा. याहून कमी-जास्त झालं की हर-टू सारख्या, कोणतं औषध लागू पडेल ते सांगणाऱ्या चाचण्या भरवशाच्या राहत नाहीत. शनिवारी दुपारी काढलेला तुकडा मंगळवारी संध्याकाळी लॅबला पोचतो, हे आपल्याकडे नवं नाही. जखमेतून चार दिवस दूध पाझरण्याची शक्यता थोडी असते. दाबाची पट्टी बांधली की बहुधा थांबतं, त्या भीतीने बायोप्सी टाळू नये.

मॅमोग्राफीचीही अशीच भीती घेतली जाते. पोटावर शिशाचा ॲप्रन घालून काढलेल्या मॅमोग्राफीत बाळापर्यंत पोचणारे किरण नगण्य असतात. अडचण वेगळीच आहे: या दिवसांत स्तन दाट असल्यामुळे फिल्म पांढरीफटक येते आणि गाठ लपून राहते. म्हणून आधी सोनोग्राफी. छातीचा एक्स-रे पोट झाकून चालतो, यकृताची सोनोग्राफी चालते. सीटी, पेट आणि हाडांचा स्कॅन टाळतात. एमआरआय लागलाच तर गॅडोलिनियमचं इंजेक्शन न देता, कारण ते वार ओलांडून बाळाकडे जातं.

उपचारांबद्दल थोडक्यात. ऑपरेशन कोणत्याही महिन्यात होऊ शकतं. केमोथेरपी पहिले तीन महिने देत नाहीत, कारण तेव्हा बाळाचे अवयव घडत असतात. १४ आठवड्यांनंतर ॲड्रियामायसिन-सायक्लोफॉस्फामाइडसारखी औषधं देतात, गरजेप्रमाणे पॅक्लिटॅक्सेलही. किरणोपचार, टॅमॉक्सिफेन (हार्मोन अडवणारी गोळी) आणि ट्रास्टुझुमॅब (हर-टू असलेल्या गाठीवरचं इंजेक्शन) बाळंतपणानंतर. ट्रास्टुझुमॅबने गर्भजल आटतं, टॅमॉक्सिफेनने बाळात व्यंग येऊ शकतं. केमोचा शेवटचा डोस आणि बाळंतपण यांच्यात तीन आठवड्यांचं अंतर हवं, म्हणून ३४-३५ आठवड्यांनंतर नवा डोस देत नाहीत. आईच्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट उतरलेल्या असताना प्रसूती झाली तर जंतुसंसर्ग आणि रक्तस्राव दोन्हींचा धोका असतो. बाळाच्या बाजूनेही कारण आहे. पोटात असेपर्यंत त्याच्या रक्तातलं औषध वारेमार्फत आईकडे परत जातं. जन्मल्यावर ते काम त्याच्या कच्च्या यकृताला आणि मूत्रपिंडांना करावं लागतं.

घरातल्या वडीलधाऱ्यांचा एक हट्ट हमखास असतो: मूल पाडा, बाई वाचेल. गर्भपाताने या कर्करोगाचा निकाल सुधारत नाही, हे बऱ्याच वर्षांच्या अनुभवातून स्पष्ट झालं आहे. आजार फार पुढे गेलेला असेल, पहिल्याच आठवड्यांत केमो सुरू करणं भाग असेल, तर निर्णय वेगळा होऊ शकतो. पण तो त्या बाईचा. तसाच दुसरा हट्ट लवकर बाळंत करून मोकळं होण्याचा. बेल्जियमच्या फ्रेडेरिक आमां यांच्या गटाने २०१५ मध्ये आईला गरोदरपणात कर्करोग झालेल्या १२९ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. मुलांच्या बौद्धिक वाढीत जो फरक दिसला त्याचा संबंध केमोशी नव्हता, अपुऱ्या दिवसांच्या जन्माशी होता. शक्य असेल तिथे ३७ आठवडे भरू द्यावेत.

आता वारेकडे येऊ.

पूर्ण दिवसांची वार अर्धा किलोच्या आसपास, वीत-दीड वीत व्यासाची आणि दोन-अडीच सेंटिमीटर जाड. आतली रचना डोळ्यांपुढे आणायची असेल तर नदीत तरंगणाऱ्या जलपर्णीची मुळं आठवावीत: बाळाच्या बाजूचे असंख्य बारीक फाटे, म्हणजे विलाय, आईच्या रक्तात लोंबत असतात. शेवटच्या महिन्यांत गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त येतं आणि त्यातलं बहुतेक या फाट्यांमधून फिरतं. आई आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही; मध्ये फाट्यांवरचं पेशींचं अस्तर असतं. आईच्या रक्तात कर्करोगाच्या पेशी सुटलेल्या असतील तर त्या या संथ डोहात येऊन अडकू शकतात. वारेतला प्रसार तो हाच. बहुतेक वेळा पेशी फाट्यांच्या मधल्या रक्तातच सापडतात. अस्तर फोडून फाट्याच्या आत शिरणं त्याहून विरळ.

हे किती विरळ? साऱ्या जगातल्या वैद्यकीय लेखनात आईच्या कर्करोगाने वार गाठल्याची प्रकरणं शंभराच्या आसपासची आहेत. त्यांत पहिला नंबर मेलानोमाचा, म्हणजे त्वचेच्या काळ्या कर्करोगाचा. त्यामागे स्तन, फुप्फुस आणि रक्ताचे कर्करोग. खुद्द बाळाला आजार लागणं तर फारच दुर्मीळ, आणि त्यातही नाव येतं ते प्रामुख्याने मेलानोमाचं आणि रक्ताच्या कर्करोगाचं. याचं एक कारण वारेचं अस्तर, दुसरं बाळाची प्रतिकारशक्ती: आईच्या पेशी निम्म्या परक्या असल्यामुळे बाळाचं शरीर त्यांना ओळखून मारतं. २००९ मध्ये ब्रिटिश आणि जपानी संशोधकांनी आईचा रक्ताचा कर्करोग बाळात उतरल्याचं एक प्रकरण सिद्ध केलं. तिथे त्या पेशींनी नेमकी ती परकेपणाची खूण, एचएलए जनुकांचा तो भाग, गमावलेला होता, म्हणून बाळाच्या शरीराला त्या ओळखता आल्या नाहीत. अशी गोष्ट घडायला किती योग जुळून यावे लागतात, हे यावरून कळावं. ‘आईचा कॅन्सर बाळाला’ अशा मथळ्याची बातमी आपल्याकडे आली, तर संपादक महोदय, कृपया एवढं लक्षात असू द्या. असा मथळा वाचून एखादी सासू बाळाला आईजवळ निजू देत नाही.

मग एवढ्या दुर्मीळ गोष्टीसाठी वार तपासायची कशाला? वारेत पेशी सापडल्या तर आईचा आजार रक्तातून पसरला आहे, ही पक्की खबर मिळते आणि पुढचे उपचार त्याप्रमाणे ठरतात. बाळावर लक्ष कशासाठी ठेवायचं, तेही ठरतं. शिवाय बाळ वजनाने कमी भरलं असेल तर त्याचं कारण वारेतच असू शकतं. आणि ही तपासणी करायची संधी एकदाच येते. वार पडल्यावर तासाभरात ती पिवळ्या पिशवीत जाते. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे ती तिथेच जायची असते, सिस्टर आणि मावशी आपलं काम चोखच करत असतात. त्यांना आधी कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच. तपासणीला पाठवणं नियमाविरुद्ध नाही. लॅबचं काम झालं की उरलेली वार लॅबच्या पिवळ्या पिशवीतून जाते. काही घरांत वार नेऊन पुरण्याची पद्धत आहे. अशा बाईच्या बाबतीत घरच्यांना बाळंतपणाआधीच समजावून सांगावं, लेबर रूमच्या दारात वाद नको.

पाठवायची कशी, ते सविस्तर लिहितो, कारण घोटाळे इथेच होतात. वार पूर्ण पडली की नाही, तुकडा आत राहिला का, हे सिस्टर नेहमीप्रमाणे पाहतील, ते पाहावंच. पण नळाखाली धरून स्वच्छ धुऊ नये. ज्या पेशी शोधायच्या त्या फाट्यांमधल्या रक्तातच असतात, आणि पहिली धार सोडली की त्याच वाहून जातात. पिळू नये, सलाइनमध्ये रात्रभर बुडवून ठेवू नये. लॅब गावातच असेल तर झाकणाच्या डब्यात, कोरडी, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ४ अंशांवर ठेवून दुसऱ्या दिवशी पोचवली तरी चालते. बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही. बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात आणि मग काचेवर नुसता लगदा दिसतो. लॅब लांब असेल तर १० टक्के फॉर्मलिन: बाटलीतलं मूळ फॉर्मलिन एक भाग, पाणी नऊ भाग, शक्यतो बफर घातलेलं. वारेच्या दहापट द्रव हवा असं पुस्तक सांगतं, म्हणजे पाच लिटर. एवढं नेहमी जमत नाही, तरी वार पूर्ण बुडून वर भरपूर द्रव राहील अशी रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची बादली घ्यावी. अर्ध्या लिटरच्या बरणीत घडी घालून कोंबलेली वार बाहेरून टणक होते आणि आतून सडते. फॉर्मलिन आत शिरायला तासाला जेमतेम मिलिमीटरभर घेतं. हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी. त्याची वाफ डोळे-नाक जाळते.

बरोबरच्या चिठ्ठीवर आईचा कर्करोग कोणता, रिसेप्टर (गाठीच्या पेशींतल्या हार्मोन आणि हर-टूच्या खुणा) काय, केमोच्या तारखा, किती आठवड्यांना बाळंत झाली, बाळाचं वजन, आणि तपासणी कशासाठी हवी ते लिहावं. नुसतं ‘प्लॅसेंटा फॉर एचपीई’ (म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी) लिहून आलेल्या बादलीला आम्ही नेहमीचाच हात लावणार.

लॅबमध्ये नाळ आणि पडदे काढून वजन करतात, मग पावाच्या लादीसारखे सेंटिमीटर-सेंटिमीटरचे काप घेतात. कर्करोग असला तरी वार बाहेरून बहुधा धडधाकट दिसते. कधी फिकट, टणक ठिपके असतात. पण रक्तपुरवठा तुटून मेलेले भाग आणि साधे फायब्रिनचे थरही तसेच दिसतात, आणि ते निरोगी वारेतही सापडतात. म्हणून फिकट जागांचे तुकडे घ्यायचेच, शिवाय चांगल्या दिसणाऱ्या भागातूनही. नेहमीच्या वारेला चार ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले तुकडे, पुरतात. इथे त्याच्या दुप्पट-तिप्पट घ्यावेत असं आमचं मत आहे. ‘पेशी आढळल्या नाहीत’ या वाक्याला किती तुकडे पाहिले त्यावरच किंमत येते, तेव्हा रिपोर्टात तो आकडाही असावा.

संशयास्पद पेशींवर विशेष रंग लावताना एक खड्डा आहे. स्तनाच्या पेशी ओळखायला आपण एरवी सायटोकेरॅटिन ७ आणि गाटा-३ हे रंग वापरतो. वारेच्या स्वतःच्या अस्तरपेशी या दोन्हींना रंगतात. घाईत पाहिलं तर सगळी वारच कर्करोगाने भरलेली वाटेल. आईच्या मूळ गाठीचा ब्लॉक शेजारी ठेवून दोन्हींची ठेवण आणि रिसेप्टर जुळतात का ते पाहावं. त्यासाठी मूळ ब्लॉक हाताशी हवा, आणि पेशी फाट्यांच्या मधे आहेत की फाट्यांच्या आत, हे रिपोर्टात स्वच्छ लिहिलेलं हवं. बाळाच्या डॉक्टरांना तेवढंच हवं असतं.

वारेत पेशी सापडल्या तरी बाळाला कर्करोग झाला असा अर्थ होत नाही, त्याला कोणतंही औषध लगेच देत नाहीत. दोन वर्षांपर्यंत साधारण दर सहा महिन्यांनी तपासणी करावी, असं सुचवलं जातं: अंगावर, पोटात गाठ आहे का, यकृत वाढलंय का, यकृताच्या रक्तचाचण्या, छातीचा एक्स-रे, गरजेप्रमाणे पोटाची सोनोग्राफी. केमो चालू असेल तर अंगावर पाजायचं नाही, कारण औषध दुधात उतरतं. अशा वेळी गाईचं दूध पाणी घालून देण्यापेक्षा बालरोगतज्ज्ञाने सांगितलेली पावडर बरी, उकळून निववलेल्या पाण्यात, डब्यावरच्या मापाने.

आपल्या भागाची एक खास अडचण अशी की सातवा-आठवा लागला की पोरगी माहेरी जाते. सासर कोरेगावला, माहेर जतला, नवरा मुंबईत. बायोप्सी एकीकडे, केमो दुसरीकडे, बाळंतपण तिसरीकडे, आणि फाइल सासरच्या कपाटात. मिरज १८९४ पासून, वानलेस रुग्णालय उभं राहिलं तेव्हापासून, दवाखान्यांचं गाव आहे. तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, कर्करोगाचं रुग्णालय आहे. कराडला कृष्णा रुग्णालय आहे. उपचारांसाठी मुंबईच गाठली पाहिजे असं नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटावं. पण बाळंतपण कुठे करायचं हे केमो देणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं, आणि ते ठिकाण शक्यतो असं हवं जिथे नवजात बाळाचा अतिदक्षता विभाग आणि पॅथॉलॉजी एकाच आवारात आहेत.

दोन्ही जिल्ह्यांच्या आरोग्य विभागाकडे आमच्या दोन मागण्या आहेत. पहिली, दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांची तपासणी होते, तेव्हा दोन्ही स्तन आणि दोन्ही काखा हाताने तपासून नोंद करावी. बोंडं आत वळलेली आहेत का, एवढंच पाहून थांबू नये. असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीत स्तनाची तपासणी वयाच्या तिशीपासून सुरू होते, त्यामुळे सव्वीस वर्षांच्या गरोदर बाईला त्या यादीत जागाच नाही. दुसरी मागणी, कर्करोगाचं निदान झालेल्या गरोदर बाईच्या माता व बाल संरक्षण कार्डाच्या पहिल्याच पानावर लाल शाईने ‘वार पॅथॉलॉजीला पाठवणे’ असं लिहून त्याखाली लॅबचा फोन नंबर घालावा. रात्री दोनला बाळंत झालेल्या बाईची फाइल उघडायला कुणाला वेळ नसतो. कार्ड मात्र तिच्या हातातच असतं.

नातेवाइकांसाठी शेवटचं: मूळ गाठीचे आणि वारेचे ब्लॉक लॅबकडे राहतात, घरी मिळतो तो कागद. दुसऱ्या रुग्णालयाला ब्लॉक लागले तर लेखी अर्ज देऊन, पोच घेऊन न्यावेत. मेणाचे असतात, उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नयेत.

आपले,
पॅथॉलॉजी आणि प्रसूती विभागात काम करणारे दोन वाचक,
मिरज, जि. सांगली